आकड्यावरून शस्त्र निवडू नये

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या युवा पुरवणीत व्हिडिओ गेमविषयी गांभीर्याने लिहिले जाऊ लागले, याबद्दल प्रथम आभार. मात्र ‘मॉन्स्टर हंटर’ या राक्षसांच्या शिकारीच्या खेळात नवख्याने जवळून लढण्यासाठी कोणते शस्त्र घ्यावे, हे सांगणाऱ्या लेखातील एक सल्ला असा आहे की, तो तंतोतंत पाळणारी मुले चार शिकारींतच खेळ सोडून देतील. ज्या शस्त्राचा हल्ल्याचा आकडा सर्वांत मोठा तेच निवडावे, असे लेखकाने सुचवले आहे. तो आकडा दिसतो तसा नसतो, एवढे नोंदवण्यासाठी हे पत्र.

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या २०१८ साली आलेल्या ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’मध्ये सुरुवातीच्या ग्रेट स्वोर्डवर, म्हणजे अवजड मोठ्या तलवारीवर, ३८४ हा आकडा दिसतो आणि स्वोर्ड अँड शील्डवर, म्हणजे आपल्या साध्या ढाल-तलवारीवर, अवघा ११२. कोणताही नवा खेळाडू ढाल-तलवार बाजूला ठेवणार, हे उघड आहे. परंतु या खेळात प्रत्येक शस्त्रप्रकाराला एक ठरावीक गुणक असतो आणि मूळ ताकदीला त्याने गुणून आलेली संख्या पडद्यावर दाखवली जाते. ग्रेट स्वोर्डचा गुणक ४.८ आणि ढाल-तलवारीचा १.४ आहे. भागाकार केला की दोन्हीकडे ८० उरतात. हॅमरवरील ४१६ला त्याच्या ५.२ या गुणकाने भागले, तरी उत्तर तेच येते. खरा फरक असतो तो एकेका वारातून त्या मूळ ताकदीचा किती हिस्सा लागू होतो यात, आणि तेवढ्याच वेळात किती वार बसतात यात. याच मालिकेतील २०२१च्या ‘राइज’मध्ये कंपनीने हा गुणक काढून सरळ मूळ आकडा दाखवला, आधीच तसे केले असते, तर बरेच गैरसमज टळले असते.

मग निवड कशावरून करावी? माझ्या मते, आपल्या चुका कोणते शस्त्र पोटात घालते, यावरून. या खेळात बहुतेक वार एकदा सुरू झाले की मध्येच थांबवता येत नाहीत, राक्षसाची किती ताकद उरली हे दाखवणारी पट्टी नसते, आणि साधारणपणे तीनदा बेशुद्ध पडले की सारी मोहीम वाया जाते. चौघे मिळून खेळत असल्यास या तीन संधी चौघांत मिळून असतात. अशा वेळी जे शस्त्र लवकर उगारता येते, लवकर आवरता येते आणि अडचणीत ढालीआड उभे राहू देते, तेच नवख्याच्या कामाचे. जवळून लढण्याच्या अकरा शस्त्रप्रकारांत या तिन्ही गोष्टी ढाल-तलवारीइतक्या सहज कोणीच देत नाही.

त्याहून मोठा फायदा लेखात आलाच नाही. इतर शस्त्रे हातात असताना औषध प्यायचे झाले, तर आधी शस्त्र म्यान करावे लागते. ढाल-तलवारीचा शिकारी मात्र ती हातात ठेवूनच औषध पितो, सापळा लावतो किंवा डोळे दिपवणारा फ्लॅश पॉड मारून रॅथालोस या उडत्या राक्षसाला खाली पाडतो. आमच्या घरी अकरावीतली मुलगी ग्रेट जॅग्रास या पहिल्या मोठ्या राक्षसाशी ग्रेट स्वोर्ड घेऊन लढत होती. भक्ष्य गिळून त्याचे पोट फुगले होते आणि तो जवळपास लोळतच अंगावर येत होता. हिची ताकद चिमूटभर उरलेली, औषध पिशवीत आहे, पण ते अवजड शस्त्र पाठीवर ठेवण्यातच क्षण गेला आणि ती आडवी झाली. तोच सामना तिने पुढे ढाल-तलवार घेऊन केला, तेव्हा घाव खाऊनही ती जागची न हलता औषध प्याली आणि फुगलेल्या पोटावर पुन्हा तुटून पडली. (कन्येचे मत अजूनही ग्रेट स्वोर्डच्याच बाजूने आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

लेखात लाँग स्वोर्ड या लांब तलवारीचीही शिफारस आहे. ती दिसायला देखणी आहे, यात वाद नाही. पण तिच्याजवळ ढाल नाही. तिचा सारा जोर वार बसतील तशी भरत जाणारी पट्टी, म्हणजे स्पिरिट गेज, भरण्यावर आणि त्याची पातळी पांढऱ्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून लालवर नेण्यावर असतो. शत्रूचा वार येताच मागे सरून प्रतिवार करणारी ‘फोरसाइट स्लॅश’ ही चाल ‘वर्ल्ड’मध्ये वेळ चुकली की भरलेला गेज रिकामा करते. शिवाय तिचे लांब आडवे वार शेजारच्या साथीदारांना अडखळवतात. कॉलेज रोडच्या गेमिंग पार्लरमध्ये तासावर पैसे मोजून चार मित्र एकत्र बसले की, राक्षसापेक्षा या तलवारीवरूनच जास्त भांडणे होतात. ड्युअल ब्लेड्स या जोडतलवारींचा डीमन मोड, म्हणजे झपाट्याने वार करण्याचा आवेश, दम खर्चून चालतो, त्यामुळे नेमका बाजूला उडी मारायच्या वेळी नवख्याजवळ दमच उरत नाही.

ग्रेट स्वोर्ड आणि हॅमर यांच्याबद्दल मात्र आकस नाही. ग्रेट स्वोर्डने वाट पाहायला शिकवले जाते: एक वार, लगेच कोलांटी, पुन्हा वाट. ज्याचा स्वभाव शांत आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. हॅमर डोक्यावर बसत राहिला की राक्षस भोवळ येऊन पडतो, पण शेपूट त्याने तुटत नाही. ढाल-तलवारीलाही उणिवा आहेत. पल्ला तोकडा असल्याने उंचावरची शेपूट हाती लागत नाही, आणि वार पुष्कळ म्हणून धारही लवकर उतरते. आपल्याकडे द्राक्षबागेच्या गोडी छाटणीत बोथट कात्रीने काडी कापली न जाता चेचली जाते, तसे बोथट शस्त्र कठीण खवल्यांवरून उसळून परत येते. धारेची पट्टी हिरव्यावरून पिवळ्यावर आली की सहाणेचा दगड काढावा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी.

‘वर्ल्ड’मध्ये चौदाही प्रकारांची प्राथमिक शस्त्रे आरंभीच पेटीत मिळतात आणि सरावाची जागाही आहे, २०२५च्या ‘वाइल्ड्स’मध्ये तर सेक्रेट या वाहनपक्ष्यावर दुसरे शस्त्रही बरोबर नेता येते. तेव्हा पहिले शस्त्र ढाल-तलवार ठेवून दुसऱ्या जागी हॅमर किंवा ग्रेट स्वोर्ड आजमावण्यात काहीच तोटा नाही. पुरवणीच्या पुढील भागात निदान ‘वर्ल्ड’मधील गुणकांचा खुलासा चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक