फोटो नको, कलम सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अधिवेशन सुरू झाले की विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या महिला आमदारांचा फोटो हमखास छापून येतो. निवडणूक झाली की त्यांची मोजदाद येते. २०२४ला २८८ पैकी २१, त्याआधी २०१९ला २४. घट झाली, एवढे वाचकाला कळते. पण या २१ जणी आत बसून कायद्याचे काय करतात, हे कुणी सांगत नाही. मला त्याचे कुतूहल आहे, आणि ते माझ्या नोकरीतून आलेले आहे.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईतल्या एका खासगी प्रसूतिगृहात परिचारिका होते. पोटात मुलगा आहे की मुलगी हे सांगणाऱ्या गर्भजल परीक्षेच्या जाहिराती तेव्हा लोकलच्या डब्यांत उघड चिकटवलेल्या असत. आत्ता थोडे पैसे खर्चा, पुढे हुंड्याचे वाचतील, असा त्यांचा हिशेब. परीक्षा सोळाव्या आठवड्याच्या आसपास व्हायची, अहवाल यायला आणखी दिवस जायचे, आणि मुलगी आहे असे निघाले की गर्भपात पाचव्या महिन्यात. त्यातली एक बाई मला अजून आठवते. पदरी दोन मुली. अहवाल सासूच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये घडी घालून ठेवलेला. इंग्रजीत टाइप केलेला तो कागद दोघींपैकी कुणालाही वाचता येत नव्हता. मी संमतीपत्र घेऊन गेले तर सासूच म्हणाली, "सिस्टर, अंगठा कुठं द्यायचा ते दाखवा, ती देईल." बाई माझ्याकडे न बघता हात पुढे करून बसली होती. शाई मी लावली. परीक्षा कायदेशीर होती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. आणि खरे सांगायचे तर मी बोलण्याचा प्रयत्नही केला नाही.

आम्हा गोरेगावकरांच्या आमदार तेव्हा मृणाल गोरे होत्या. पाणीवाली बाई म्हणून आणि लाटणे मोर्च्यामुळे त्या सगळ्यांना आठवतात, पण त्यांचे विधानसभेतले एक काम सहसा कुणी काढत नाही. १९८६ साली त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. (लोकसभेत तसेच विधेयक शरद दिघे यांनी मांडले होते. श्रेय एकट्या बायकांचे नाही, हे लिहायला हवे.) अशासकीय म्हणजे सरकारने न आणलेले, एका सदस्याने स्वतःच्या नावावर मांडलेले. ते मंजूर होत नाही हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असते. संसदेत आजवर अशी अवघी १४ विधेयके कायद्यापर्यंत पोहोचली, शेवटचे १९७० साली. तरी मांडायचे, कारण मग मंत्र्याला उठून उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर कामकाजाच्या नोंदीत राहते. बाहेरून स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर रेटा लावून होतेच. १९८८ साली राज्य सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा. मृणालताईंचे विधेयक कायदा झाले नाही, पण त्यांनी उकरून काढलेला विषय सरकारला पुन्हा बुजवता आला नाही.

केंद्राचा कायदा १९९४चा. त्याआधी ते विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या समितीकडे, गेले होते आणि समितीच्या अध्यक्ष होत्या सिक्कीमच्या खासदार दिलकुमारी भंडारी. तो कायदा मी निवृत्त झाल्यावर सवडीने वाचला. त्याचे कलम २४ म्हणते की उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने असे धरून चालावे, की बाईला ही परीक्षा नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी करायला भाग पाडले. वाचताना मला ती पिशवी आठवली. ज्याने कुणी हे वाक्य लिहिले, त्याला संमतीपत्रावरचा अंगठा कसा उमटतो ते नक्की ठाऊक असणार. कायद्याने काम भागले असे मात्र नाही. सोनोग्राफी गल्लोगल्ली पोहोचली, २००३मध्ये कायदा सुधारून कडक करावा लागला, आणि तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ला ९४६ होते, ते २००१ला ९१३ आणि २०११ला ८९४ झाले.

यावर कुणी म्हणेल, सगळ्याच काही मृणाल गोरे नसतात. नसतातच. काही जणी घराण्याच्या जागेवर येतात आणि पाच वर्षे गप्प बसून जातात. घराण्यातून आलेले पुरुषही हेच करतात, त्यांच्याबद्दल कुणी हळहळत नाही. पण कोण बोलले आणि कोण गप्प बसले, हे आम्ही ओळखायचे कशावरून? डिसेंबर २०२२मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या. बाळाचा फोटो मी चार ठिकाणी पाहिला. त्या अधिवेशनात त्यांनी मांडलेला प्रश्न मला एकाही ठिकाणी दिसला नाही.

लोकसभा-विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ साली मंजूर झाली ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट गळ्यात बांधूनच. उद्या २१च्या ९६ झाल्या तर आनंदच आहे. फोटोत मावणार नाहीत, एवढीच अडचण.

माझी विनंती साधी आहे. अधिवेशन चालू असताना आठवड्यातून एकदा अर्धा रकाना द्या. कोणत्या महिला सदस्याने कोणत्या विधेयकाच्या कोणत्या कलमाला सुधारणा सुचवली, ती स्वीकारली की मागे घेतली, संयुक्त समितीवर कोण आहे, एवढेच त्यात छापा. आणि शुक्रवारी दुपारी अशासकीय कामकाजाच्या वेळी सभागृह निम्मे रिकामे असते, तेव्हा तुमच्या वार्ताहराला गॅलरीत बसवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
गोरेगाव (पश्चिम), मुंबई