मिस्त्री काका, आमच्या किचनमधला उजेड वाचवल्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो ताई, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून सरळ लिहूनच टाकतेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण सध्या किचन करायला काढलेल्या कोणाच्या तरी कामी येईल.

आमचं किचन म्हणजे पुण्यातल्या जुन्या सोसायटीतलं नेहमीचंच, दहा बाय आठ, पूर्वेच्या लांब भिंतीत एक खिडकी आणि उत्तरेला ड्राय बाल्कनीचं (कपडे वाळत घालायच्या छोट्या बाल्कनीचं) दार, उजेड यायचा तो एवढ्याच दोन वाटांनी. नवीन किचनसाठी दुकानातून आलेल्या थ्रीडी ड्रॉइंगमध्ये मात्र सगळं कसं लख्ख होतं, होणारच, कॉम्प्युटरला कुठे भिंत आडवी येते! त्यात खिडकीखाली गॅस होता, दोन्ही बाजूंना खिडकीला चिकटून ओव्हरहेड म्हणजे ओट्यावरची भिंतीतली कपाटं, वरून खिडकीचा फूटभर भाग झाकणारी लॉफ्टची, म्हणजे माळ्याची, शटर्स आणि ड्राय बाल्कनीच्या दाराशी चांगलं दोन फूट पुढे आलेलं टॉल युनिट, म्हणजे उभं उंच कपाट. सासूबाई स्टोरेज मोजून खूश.

तुम्ही ते बघून वाद नाही घातलात. म्हणालात, रद्दीवाल्याकडून मोठी खोकी आणा. ती कापून, टेप लावून, जिथे जिथे कपाट येणार तिथे त्याच मापाची भिंतीवर चिकटवलीत, बारा इंच खोल म्हणजे बारा इंच, आणि म्हणालात आता यातच स्वयंपाक करून बघा. सकाळी आठला बाहेर चक्क ऊन पडलेलं आणि मी ओट्याच्या डाव्या टोकाला ट्यूब लावून मेथी निवडत होते!! सासूबाई तांदूळ निवडायचं ताट घेऊन हॉलमध्ये जाऊन बसल्या. त्यानंतर कोणी कोणाला काही समजवावं लागलं नाही.

तुम्ही तेव्हा म्हणालात ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, खोलीत आतपर्यंत उजेड पोचवतो तो खिडकीचा वरचा भाग, खालचा भाग फक्त ओट्यापुरता. त्यामुळे लॉफ्टची ती शटर्स आधी गेली. ओव्हरहेड खिडकीपासून लांब सरकली, मधल्या जागेत नुसत्या उघड्या फळ्या. फ्रिज आत येतानाच्या भिंतीला गेला, कारण तिथे तसाही अंधारच, आणि फ्रिजला उजेडाचं काय कौतुक. ड्राय बाल्कनीच्या फ्लश डोअरला वरच्या अर्ध्यात दुधी काच बसवलीत, त्यामुळे मागे कपडे वाळत असले तरी ते दिसत नाहीत, उजेड तेवढा येतो.

पण खरी मजा गॅसची. खिडकीखाली गॅस नको, वाऱ्याने ज्योत हलते, कधी विझते, आणि तेलाचे शिंतोडे जाळीवर. इकडे सासूबाईंना आग्नेय दिशा आणि पूर्वेला तोंड हवंच. मला वाटलं आता जुंपणार. तुम्ही टेप घेतलीत आणि पूर्वेच्याच भिंतीला अगदी उजव्या कोपऱ्यात गॅस धरलात, म्हणजे तोंड पूर्वेला, कोपरा आग्नेय, चिमणी बाजूच्या भिंतीवर आणि खिडकीखाली चिरायला मोकळा ओटा. सिंक डावीकडे ईशान्येला, जुन्या ड्रेनेजपाशीच, त्यामुळे पाइप फिरवायला नको आणि खालच्यांच्या स्लॅबला ओल यायची भीती नाही. वास्तूही सांभाळली, प्लंबरचे पैसेही!

माझा भाचा आर्किटेक्चरला आहे, तो बघून म्हणाला, मामी हे तर फ्रँकफर्ट किचनसारखं झालं. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की नावाच्या बाईंनी १९२६ मध्ये जर्मनीत कामगारांच्या घरांसाठी काढलेलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं, आणि त्यातही कामाचं टेबल खिडकीपाशीच, शेजारी बसायला स्टूल. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "बाईंना स्वयंपाक येत असणार." (भाचा म्हणतो, त्यांना अजिबात येत नव्हता, त्या स्वतःच तसं सांगायच्या.)

रंगाच्या बाबतीत मी हट्टाने पांढरा ओटा मागत होते. तुम्ही हळदीचा एक डाग पाडून दाखवलात, विषय संपला. ओटा काळ्या ग्रॅनाइटचाच राहिला, पण डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीच्या) टाइल्स आणि शटर्स फिक्या, आणि शटर्स मॅट, कारण ग्लॉसीवर सकाळचं ऊन पडलं की डोळ्यावर येतं.

आणि एक गोष्ट तुम्ही बोलला नाहीत पण आम्हाला कळली. कमी कपाटं म्हणजे तुमचंही बिल कमी. प्लाय, लॅमिनेट, मजुरी, सगळंच. तरी तुम्हीच प्रत्येक वेळी "हे काढा" म्हणत होतात. अशी माणसं आम्हाला भेटली नव्हती हो.

बाकी सिंकखालचं शटर पावसात किंचित घासायला लागलंय. घाई नाही, पण दसऱ्याच्या आत चक्कर झाली तर बघाल का? येताना काकूंना घेऊन या, त्यांना किचन दाखवायचंय असं सासूबाई कधीच्या म्हणतायत.