पाय कुठे टेकवायचा ते कुणी सांगितलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पेपरात अंदमानच्या टूरच्या जाहिराती यायला लागतात, निळंशार पाणी आणि त्यात एक जोडपं मास्क लावून कॅमेऱ्याकडे हात हलवतंय. तसा एक फोटो आता आमच्याकडेपण आहे. त्या फोटोत मी जिथे उभी आहे त्याबद्दल हे पत्र. छापलंत तर बरं, नाही छापलंत तरी निदान वाचा.

फेब्रुवारीत आम्ही दोघं ग्रुप टूरने गेलो होतो, लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपाशी आमच्या ग्रुपमधलं कुणीच पाच मिनिटं बोललं नाही, त्यावर खूप लोकांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. तर पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, एक दिवस मोकळा होता. बाकीचे सगळे नॉर्थ बेला गेले, जुन्या २० च्या नोटेमागे ज्याचं चित्र होतं तिकडे, आणि आम्ही हॉटेलमधल्या वेटरचं ऐकून जॉली बॉयला गेलो. त्याचं म्हणणं, पाणी बघायचं असेल तर तिकडेच जा, फक्त जेवण बरोबर न्या कारण तिथे चहासुद्धा मिळत नाही. खरंच नाही मिळत, ना दुकान ना टपरी, नुसतं जंगल, वाळू आणि पाणी.

हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, १९८३ साली झालेलं, १५ बेटांचं. वनखात्याचं परमिट काढायचं, मग गावापासून साधारण ३० किलोमीटरवर वंडूरची जेट्टी, तिथून बोट. वर्षातले काही महिने जॉली बॉय उघडं असतं आणि उरलेले महिने शेजारचं रेडस्किन, म्हणजे एकाला आराम. मला हे फार आवडलं, आपल्याकडे देवालापण एवढी विश्रांती देत नाहीत.

जेट्टीवर बॅगा उघडून बघतात. वेफर्सचं पाकीट, प्लास्टिकची पिशवी, सगळं बाहेर. पाण्याची बाटली न्यायची तर डिपॉझिट भरा आणि येताना बाटली दाखवून पैसे परत घ्या. आमच्या ह्यांनी थोडी कटकट केली, अहो पुऱ्या कशात नेऊ मग, पण शेवटी डब्यात भरल्या. आणि खरं सांगते संपूर्ण बेटावर मला एक कागद दिसला नाही, कारण डिपॉझिटचे पैसे कुणालाच सोडायचे नसतात.

म्हणजे प्लास्टिकचं सांगणारी माणसं होती. पायाचं सांगणारं कुणी नव्हतं.

आम्हाला दोघांनाही पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घातलं, मास्क लावला, ती नळी दातात धरली आणि एका मुलाने आम्हाला टायरला धरून ओढत नेलं. पहिली दोन मिनिटं नुसता जीव घाबरा, कारण नाक बंद आणि तोंडाने श्वास, ४८ वर्षांची सवय अशी एका मिनिटात कशी बदलेल. मग खाली बघितलं आणि घाबरणं विसरलेच. सांबराच्या शिंगांसारखी प्रवाळं, मेंदूसारखी गोल प्रवाळं, निळ्याहिरव्या रंगाचे पॅरट फिश अक्षरशः खडक कुरतडताहेत, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येतो. एक मोठा शिंपला होता जांभळ्या ओठांचा, आमची सावली पडली तसा हळूच मिटला. मी ह्यांचा हात इतका घट्ट लग्नातपण धरला नसेल.

आणि तेवढ्यात माझ्या मास्कमध्ये पाणी गेलं. नाकात, डोळ्यात खारट पाणी, मी हातपाय झाडायला लागले, तर तो मुलगा म्हणाला, ‘‘आराम से मॅडम, खडे हो जाओ, नीचे पत्थर है.’’ मी उभी राहिले. पायाखाली काहीतरी मोडलं, आवाज नाही आला पण पायाला कळलं, बिस्किट मोडावं तसं. त्याने मास्क नीट बसवून दिला आणि फोटो काढला. तोच तो फोटो.

किनाऱ्यावर आल्यावर पायाला ओरखडे होते, चुरचुरत होतं. तिथला एक वनरक्षक बघून म्हणाला, मॅडम ते पत्थर नाही, जिंदा आहे. ह्यांनी लगेच बोटातली मंगळाची अंगठी दाखवून विचारलं, हेच का ते? तो हसला, म्हणाला ते वेगळं. (घरी येऊन वाचलं, अंगठीतलं लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्राकडचं, खोल पाण्यातलं.) पण जात तीच, प्राणीच. इवले इवले जीव चुन्याचं घर बांधत बसतात, त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना खाऊ घालतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंश जास्त तापलेलं राहिलं की शेवाळ बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. अंदमानात २०१० ला असं मोठ्या प्रमाणात झालं, २०१६ ला परत झालं. आणि ती मेंदूसारखी गोल वाढतात वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर. म्हणजे परातीएवढं प्रवाळ वयाने माझ्याएवढं असू शकतं, आणि मी त्याच्या शेजाऱ्यावर चप्पल घालून उभी.

त्या मुलाला मी दोष देत नाही. दिवसभर तो घाबरलेली माणसं ओढतो, बाई बुडतेय म्हणून ओरडायला लागली तर तो तिला उभंच करणार. माझी तक्रार वेगळी आहे. टूरच्या आधी आमची एक मीटिंग झाली होती हॉलमध्ये, दोन तास चालली. टोपी मिळाली, बॅग मिळाली, ठेपले किती घ्या, कुठल्या कंपनीची रेंज येते, उलटीची गोळी कधी घ्यायची, सगळं सांगितलं. स्नॉर्कलिंगवर एक वाक्य, ‘‘पोहता नाही आलं तरी चालतं, बिनधास्त करा!’’ बिनधास्तच केलं.

तिथे पाच मिनिटं मराठीत एवढं सांगा की मास्क आणि नळी आधी कमरेएवढ्या पाण्यात, खाली नुसती वाळू असेल तिथे लावून बघा, कारण पहिला श्वास प्रवाळाच्या डोक्यावर घेतलात की घाबरून पाय खालीच जाणार. घाबरलात तर उभं राहू नका, पाठीवर उताणे व्हा, लाइफ जॅकेट धरून ठेवतं. माशांना बिस्किटं टाकू नका. सनक्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, हवाईमध्ये तर प्रवाळ वाचवायला काही प्रकारच्या सनक्रीमच्या विक्रीवर २०२१ पासून बंदीच आहे. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नका, वन्यजीव कायद्यात ते येतं, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना हे एअरपोर्टवर कळलं.

मी मूळची कणकवलीची. मालवणच्या किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं, हे मला आत्ता, अंदमानहून आल्यावर कळलं! लहानपणापासून तिथे जातेय, आता तिथेही होड्या भरभरून लोक स्नॉर्कलिंगला जातात, प्रवाळ तिथेही आहे. मग वंडूरसारखं प्लास्टिकचं डिपॉझिट आणि होडीत बसण्याआधी पाच मिनिटं मालवणच्या जेट्टीवर का नकोत? मालवणी माणसाला गजाली सांगायला तर शिकवावं लागत नाही.

– एक वाचक, डोंबिवली

ता.क. ज्यांना मिशी आहे त्यांच्या मास्कमध्ये पाणी जातंच, तिथे व्हॅसलिन लावतात. हेसुद्धा त्या दोन तासात कुणी सांगितलं नाही, ह्यांनी दिवसभर समुद्र प्यायला.