देशाच्या नावाने जातो, तर देशाला कळू द्या

प्रति,
मा. माहिती आणि प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी दादरला राहते आणि गेली चौदा वर्षं मराठी चित्रपटांना इंग्रजी सबटायटल्स करते. घरापासून चालत गेलं की दादासाहेब फाळके रस्ता लागतो. याच दादरमध्ये फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रीकरण केलं आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावात, कोरोनेशन सिनेमात, लोकांसमोर आला. त्या उद्योगाच्या कथेवर बेतलेला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ मध्ये भारताकडून ऑस्करसाठी गेला, तेव्हा आमच्या इमारतीत पेढे वाटले होते. चित्रपटाशी कुणाचाच काही संबंध नव्हता, तरी वाटले.

दरवर्षी सप्टेंबरात, गणपती-नवरात्राच्या आगेमागे, बातमी येते : 'भारताकडून ऑस्करसाठी अमुक चित्रपटाची निवड.' दोन दिवस भांडण होतं. हा का, तो का नाही. मग दसरा-दिवाळी येते आणि सगळं विसरलं जातं. मी आज कोणत्याही चित्रपटाची बाजू मांडायला बसलेली नाही. निवड कशी होते, तिच्या नियमांबद्दल मला आपल्याला लिहायचं आहे.

ही निवड सरकार करतं, असं माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ऑस्कर देणारी अमेरिकेतली अकादमी 'सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट' या विभागासाठी प्रत्येक देशातल्या एका निवडसंस्थेला मान्यता देते आणि ती संस्था देशाचा एक चित्रपट पाठवते. आपल्याकडे हे काम फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. निर्माते, वितरक, चित्रपटगृहवाले यांच्या संघटनांची ही शिखरसंस्था १९५१ मध्ये स्थापन झाली. १९५७ च्या 'मदर इंडिया'पासून आपले चित्रपट जात आहेत आणि नामांकनाच्या शेवटच्या पाचांत आजवर पोचले ते 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. म्हणजे संस्था उद्योगाची, पुरस्कार परदेशातल्या खासगी अकादमीचा, पण पाटीवर नाव भारताचं. त्या नावाची राखण करणारं खातं आपलं, म्हणून हे पत्र आपल्याला.

२०२४ चंच घेऊ. त्या वर्षी मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळालं. तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता आणि थेट दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान घेऊन आला. सप्टेंबरात निवड झाली ती 'लापता लेडीज'ची. तो मला मनापासून आवडला होता, त्यातल्या छाया कदम यांच्यासाठी मी तो दोनदा पाहिला. कपाडियांच्या चित्रपटातही त्या आहेतच. तिथे त्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती झाल्या आहेत, गिरणी कामगाराची विधवा. ज्या खोलीत आयुष्य गेलं त्या खोलीचा एकही कागद तिच्या नावावर नाही, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती रत्नागिरीकडे, गावी परत जाते. लालबाग-परळमधल्या कुणालाही विचारा, अशी एक तरी पार्वती त्यांच्या माहितीत निघेल. आणि हा चित्रपट का निवडला नाही, हे सांगताना फेडरेशनच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं की परीक्षकांना तो भारतात घडणारा युरोपियन चित्रपट वाटला.

मला हे वाचून वाईट वाटलं. मत वेगळं असू शकतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याच शहरातलं माणूस परकं वाटलं असेल, तर ते का वाटलं हे निदान लिहून ठेवायला हवं होतं. देशाला मिळालं ते एक छोटं निवेदन. त्याची सुरुवात, भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण आहे, अशा अर्थाच्या वाक्याने होत होती. समितीतले तेराच्या तेरा सदस्य पुरुष होते. दोन्ही चित्रपट बायकांचे, दोन्हींच्या दिग्दर्शक बायका, आणि समितीत एक बाई नाही.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते.

मी सबटायटल्स केलेल्या एका मराठी चित्रपटात चाळीतली खोली विकायची ठरलेली असते. थोरला मुलगा आधी सारखा म्हणत असतो, 'आपण विरारला मोठं घर घेऊ.' मग एका रात्री जेवता जेवता, ताटातून वर न बघता, तो म्हणतो, 'आम्ही पुढच्या महिन्यात जातोय.' आई भात वाढत असते. ती डाव पातेल्यात तसाच सोडते आणि पदराला हात पुसते. बस्स, एवढाच प्रसंग. 'आपण'चं 'आम्ही' झालं आणि त्या एका शब्दाने आई घराबाहेर पडली.

इंग्रजीत दोन्हीला 'वी'. मी दोन्हीकडे 'वी' लिहिलं. खाली दोन ओळी मिळतात, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि ते वाक्य पडद्यावर जेमतेम दोन सेकंद होतं. चित्रपट एका निवडीसाठी द्यायचा होता, तारीख जवळ आलेली, माझ्या हातात चार रात्री. फाइल दिल्यावर तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभी असताना सुचलं की तिथे सुनेचं नाव घालून 'सीमा अँड आय' म्हटलं असतं तर काम झालं असतं. तोवर उशीर झाला होता. खालची अक्षरं वाचून चित्रपट पाहणाऱ्याला त्या बाईने हातातला डाव का सोडला, हे कळायला मार्गच नव्हता. चूक माझी होती, ती अजून टोचते.

त्यानंतर जे कळलं ते जास्त टोचलं. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक तमिळमध्ये आहे, नाम आणि नांगळ. मल्याळममध्येही आहे, नम्मळ आणि ञंगळ. चेन्नईच्या किंवा कोचीच्या परीक्षकाला तो प्रसंग लालबागच्या माणसाइतकाच लागला असता. आमच्या भाषा एकमेकींना ओळखतात, मध्ये इंग्रजी आलं आणि ओळख पुसली गेली.

२०२४ मध्ये समितीसमोर एकोणतीस चित्रपट होते. रोज चार पाहिले तरी आठवडा पुरत नाही. महोत्सवांत दिवसाला चार चित्रपट पाहणाऱ्यांना विचारा, चौथ्याच्या वेळी डोळे खालच्या अक्षरांवर किती टिकतात. त्या समितीत त्या-त्या भाषेचं माणूस असतं का, 'इथे असं म्हटलंय' एवढं तरी सांगणारं कुणी असतं का? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी आपल्याच खात्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. तिथे श्याम बेनेगल समितीच्या शिफारशीनंतर दोन पातळ्यांची पद्धत आली : आधी विभागीय परीक्षक, जे त्या भागातले चित्रपट पाहतात, आणि मग केंद्रीय समिती. त्या पुरस्कारांबद्दलही वाद होतात, पण निदान एखादा चित्रपट आपली भाषा कळणाऱ्या माणसांसमोरून एकदा तरी जातो. फेडरेशनला हीच पद्धत सुचवायला, आणि आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळातर्फे तिला हातभार लावायला काय अडचण आहे? महामंडळाचं कार्यालय इथे पेडर रोडलाच आहे.

सरकारने निवड आपल्या हातात घ्यावी, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. उलट कृपा करून घेऊ नये. ब्राझीलमध्ये २०१६ साली 'अक्वेरियस'च्या कलाकारांनी कान महोत्सवात आपल्या देशातल्या सत्तांतराविरुद्ध फलक धरले. पुढे मंत्रालयाने नेमलेल्या समितीने दुसराच चित्रपट पाठवला आणि तिथल्या काही दिग्दर्शकांनी निषेध म्हणून आपले चित्रपट स्पर्धेतून काढून घेतले. आता ते काम तिथल्या चित्रपट अकादमीकडे आहे, आणि 'आय ॲम स्टिल हिअर'ने २०२५ मध्ये ब्राझीलला या विभागातला पहिला ऑस्कर मिळवून दिला. इराणचं तर सर्वांना माहीत आहे. जाफर पनाही यांनी सरकारी परवानगी न घेता केलेल्या चित्रपटाला २०२५ मध्ये कानचा सर्वोच्च पाम दॉर मिळाला आणि तो ऑस्करला गेला फ्रान्सच्या नावाने. त्याच्या आदल्या वर्षी मोहम्मद रसूलोफ यांचा चित्रपट जर्मनीने पाठवला होता. आपल्या माणसाचं काम दुसऱ्या देशाच्या पाटीखाली जावं, ही वेळ कुणावरही येऊ नये. कपाडियांचा चित्रपटसुद्धा त्या वर्षी फ्रान्सच्या शेवटच्या चार चित्रपटांत होता, हे इथे आठवल्याशिवाय राहवत नाही.

फ्रान्सही चुकतो. २०२३ मध्ये पाम दॉर मिळालेला 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' त्यांनी पाठवला नाही, आणि त्याच चित्रपटाने पुढे मूळ पटकथेचं ऑस्कर घेतलं. पण त्यांची रीत बघण्यासारखी आहे. आधी चार-पाच चित्रपटांची यादी जाहीर होते. मग निर्माते, परदेशी विक्री करणारे, अमेरिकेतले वितरक यांना समितीसमोर बोलावून विचारतात, निवड झाली तर पुढे काय करणार? अमेरिकेत कोण दाखवणार? पैसा कुठून येणार?

हा शेवटचा प्रश्न मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. २००४ मध्ये 'श्वास' निवडला गेला. 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत आणणारा चित्रपट. तो लॉस एंजेलिसला न्यायला पैसे नव्हते. मग नाटकवाल्यांनी प्रयोगाचं उत्पन्न दिलं, देवस्थानाने मदत केली, शाळकरी मुलांनी पैसे गोळा केले. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या वर्गात डबा फिरला होता, त्यात मी वीस रुपये टाकले होते. त्या वीस रुपयांचा मला आजही अभिमान आहे. पण देशाच्या नावाने जाणाऱ्या चित्रपटासाठी देशाने आधी काही ठेवलेलं असावं, एवढंही तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

पुढे परिस्थिती थोडी सुधारली. २०१७ मध्ये 'न्यूटन'साठी केंद्राने एक कोटी रुपये जाहीर केले, २०१८ मध्ये 'व्हिलेज रॉकस्टार्स'साठी आसाम सरकारने तेवढेच दिले. पण जाहीर होणं आणि हातात पडणं यांत दिवस जातात, आणि दिवसच तर नसतात. २०२४ मध्ये आपली निवड २३ सप्टेंबरला झाली. अकादमीची पंधरा चित्रपटांची प्राथमिक यादी १७ डिसेंबरला आली. मधे पंच्याऐंशी दिवस. तेवढ्यात अमेरिकेत प्रसिद्धी करणारी माणसं नेमायची, अकादमीच्या सदस्यांसाठी खेळ लावायचे, व्हिसा काढायचे. स्पर्धेत तेव्हा पंच्याऐंशी देश होते. जर्मनीने आपला चित्रपट ऑगस्टमध्येच ठरवला होता. 'लापता लेडीज' त्या पंधरांत आला नाही. आला तो 'संतोष', हिंदी चित्रपट, ब्रिटनने पाठवलेला. २०२५ मध्ये आपला 'होमबाउंड' पंधरांत पोचला, त्याचा मला फार आनंद झाला. पण तो मे महिन्यात कानला दाखवला गेला होता, हॉलिवूडचे दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी त्याच्यामागे उभे होते, म्हणजे निवड होण्याआधीच त्याचं नाव बाहेर झालेलं होतं. साताऱ्याच्या किंवा मणिपूरच्या एखाद्या नव्या दिग्दर्शकाने हे कुठून आणायचं?

म्हणून आपल्याकडे मागणं आहे ते असं. फेडरेशनशी बोलून परीक्षकांची नावं चित्रपट पाहायला सुरुवात होण्याआधी जाहीर करायला लावा. समितीची नावं अकादमीला कळवावीच लागतात. लॉस एंजेलिसला जी नावं पाठवता येतात ती दादरला सांगायला हरकत नसावी. परीक्षकाचा एखाद्या चित्रपटाशी धंद्याचा संबंध असेल तर त्याने त्या चित्रपटापुरतं बाजूला व्हावं, हे लेखी असू द्या. २००७ मध्ये याच मुद्द्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, पुन्हा जायची गरज नाही. समितीत बायका असाव्यात, एखादी नावापुरती नव्हे. समितीसमोर शेवटपर्यंत उरलेल्या पाच चित्रपटांबद्दल प्रत्येकी पानभर लिहून प्रसिद्ध करावं, कुणाला काय भावलं, काय खटकलं. ज्याचा चित्रपट नाकारला त्याला निदान वाचायला काहीतरी मिळेल. निवड ऑगस्ट संपायच्या आत व्हावी. आणि जो निवडला जाईल त्याचा निधी आपल्या मंत्रालयाने आधीच वेगळा ठेवलेला असावा, निवड झाल्यावर आठवड्याभरात निर्मात्याच्या हाती पडेल असा.

सबटायटल्सचं तेवढं माझ्यासाठी म्हणून मागते. निवडीसाठी येणाऱ्या चित्रपटांची सबटायटल्स, ती भाषा आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या एका माणसाकडून पुन्हा तपासून घ्यायची सोय महामंडळाने करावी. लहान निर्मात्याला ते परवडत नाही. तो माझ्यासारख्या एकटीला चार रात्री देतो, आणि त्यात एक 'आम्ही' निसटतो. तीस चित्रपटांसाठी तीस माणसं, प्रत्येकाचं दोन दिवसांचं काम. खर्च फार नाही. मी स्वतः मराठी चित्रपटांसाठी हे काम मोबदला न घेता करायला तयार आहे, आणि या धंद्यातल्या आणखी काहींनी मला तसाच शब्द दिला आहे.

पुढच्या निवडीचे अर्ज मागवले जाण्याआधी आपल्याकडून काही कळलं तर आम्हाला तयारीला लागता येईल.

आपली विश्वासू,
मराठी चित्रपटांची एक सबटायटलकार
दादर, मुंबई