चादरवाल्या ताई, आभार!

गुरुवारी सकाळी बागेतल्या योगवर्गात एक आजी सर्वांगासनातून (खांद्यांवर भार देऊन पाय सरळ वर नेण्याचं आसन) झटकन उठून बसल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कलंडल्या. कोणी पाणी पाजायला धावलं, कोणी कांदा शोधायला! चालायला आलेल्या एका ताईंनी आधी पाण्याचा तांब्या अडवला. अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जातं. आजींना उताणं निजवून त्यांनी पोटऱ्या बाकावर ठेवल्या, अंगावर स्वतःची चादर घातली आणि दहा मिनिटं उठू दिलं नाही. मग उजव्या कुशीवर वळवून, हाताचा आधार देत उठवलं. डोकं सगळ्यात शेवटी वर.

नंतर चूकही दाखवली. नुसत्या चटईवर मान दुमडते, भार मानेच्या मणक्यांवर येतो. खांद्यांखाली तीन ब्लँकेटांच्या घट्ट घड्या हव्यात, खांदे कडेपासून दोन बोटं आत, डोकं खाली जमिनीवर. ही योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची रीत, पुण्यातच घडलेली, आणि आम्ही पुणेकरच ती विसरलो! रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे आसन नको, असंही त्यांनी बजावलं.

आजी ठणठणीत आहेत. ताई, नाव न सांगताच गेलात. निळ्या काठाची चादर धुऊन, घडी घालून ठेवली आहे. रोज साडेसहाला आम्ही तिथेच असतो.