अर्थशास्त्राची सुरुवात व्याख्येने नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवशिक्यांसाठी अर्थशास्त्र समजावणारे सदर आपण सुरू केलेत, याचे मनापासून स्वागत. तक्रार एकच आहे. प्रत्येक लेख व्याख्येने सुरू होतो, आणि ज्याच्यासाठी तो लिहिला तो वाचक दुसऱ्या परिच्छेदातच पान उलटतो. मी बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवला, आता प्रौढांचा वर्ग घेते. आधी काय घडले ते सांगावे, त्याचे नाव मागाहून आले तरी चालते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या वर्गाची सुरुवात युद्धकैद्यांच्या छावणीपासून होते. आर. ए. रॅडफर्ड हा ब्रिटिश अधिकारी दुसऱ्या महायुद्धात इटली आणि जर्मनीत कैदेत होता. तिथले व्यवहार त्याने १९४५ साली लिहून प्रसिद्ध केले. रेडक्रॉसच्या पार्सलातून प्रत्येकाला जवळपास सारखेच मिळे: दूध, जॅम, लोणी, बिस्किटे, चॉकलेट, सिगारेटी. तरीही अदलाबदल सुरू झाली, कारण सिगारेट न ओढणाऱ्याला चॉकलेट हवे होते. पुढे सगळ्याच वस्तूंचे भाव सिगारेटींत बोलले जाऊ लागले. सिगारेटींचा नवा साठा आला की भाव चढत, ओढून ओढून त्या संपत आल्या की उतरत. हवाई हल्ल्यांच्या रात्री धास्तावलेले कैदी जास्त ओढत, त्यानेही भाव पडत. इथवर आले की वर्गातले कुणीतरी आपणहून विचारते, "म्हणजे नोटा जास्त छापल्या तर असंच होणार ना?" त्यानंतरच मी फळ्यावर 'चलनवाढ' लिहिते.

त्या वृत्तांतातला एक माणूस मला फार आवडतो. त्याला उर्दू येत असे. त्या जोरावर तो शीख कैद्यांकडून मांसाचे डबे घेई, त्यांना लोणी आणि जॅम विकी, आणि मधला फायदा स्वतःला ठेवी. हळूहळू त्याचा उद्योग इतरांना कळला, तेही त्यात उतरले, आणि भारतीय विभागातले भाव बाकी छावणीतल्या भावांच्या जवळ आले. मध्यस्थ कशावर कमावतो आणि त्याची कमाई कशाने आटते, हे इतके स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रसंग मला तरी माहीत नाही.

मात्र भाषा सोपी करताना विचार सैल होता कामा नये. 'महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर' असा मथळा वाचून वस्तू स्वस्त झाल्या असे पुष्कळांना वाटते. शंभराची वस्तू पहिल्या वर्षी १०६ झाली आणि दुसऱ्या वर्षी ११० च्या किंचित वर गेली. भाव वाढतच आहेत, फक्त वाढ मंदावली. हे दोन ओळींचे गणित बातमीसोबत छापायला कितीशी जागा लागते?

पुढचा लेख व्याजदरांवर आहे असे वाचले. लेखकांना माझी विनंती कळवावी: सुरुवात कर्जदाराच्या वाढलेल्या हप्त्यापासून करा, आणि 'पतधोरण' हा शब्द तिसऱ्या परिच्छेदाच्या आधी येऊ देऊ नका.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका