भरतीच्या वेळी फ्लेमिंगोंनी जायचे कुठे?

ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो त्यातले नील-हरित शेवाळ टिपतात. त्यातल्या रंगद्रव्यांनीच त्यांची पिसे गुलाबी होतात. भरतीला हा चिखल बुडतो, तेव्हा ते नेरूळच्या उथळ तळ्यांत विसाव्याला येतात. खाडीला २०२२ मध्ये रामसर हा महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, पण ही विसाव्याची तळी त्या हद्दीबाहेर राहिली. माझी नात संध्याकाळी गॅलरीतून विचारते, ‘आजोबा, आले का?’ भरतीचे पाणी अडले की तळ्यावर शेवाळाचा जाड थर साचतो आणि पक्षी फिरकत नाहीत. पाण्याच्या वाटा मोकळ्या करा, काठावरचे प्रखर दिवे मंद करा, आणि तेही हिवाळ्यात थवे उतरण्याआधी.

– एक ज्येष्ठ नागरिक, नेरूळ, नवी मुंबई